दुकानाची नामपट्टी संगणकावर कशी तयार करावी?

विणकर शाल विणतो, तिचा फोटो काढतो आणि व्यापाऱ्याला मोबाइलवर पाठवतो. व्यापारी तो फोटो पुढच्या दुकानदाराला पाठवतो आणि दुकानदार गिऱ्हाइकाला. चार हातांतून फिरून फोटो ज्याच्याकडे पोहोचतो त्याला शाल पसंत पडते. पण ती कोणी विणली हे कळण्याचा काहीच मार्ग त्याच्याकडे नसतो. दुसरी शाल हवी असली तर ज्याने फोटो पाठवला त्यालाच तो विचारतो. मालाचे नाव होते, कारागिराचे होत नाही, आणि ज्याचे नाव नाही त्याच्या मेहनतीचा भाव दुसराच कोणीतरी ठरवतो.

यावर एक साधा आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे आपली नामपट्टी. आपले नाव, आपला हुनर आणि आपले गाव एका ठरावीक रूपात मांडलेली लहानशी आडवी पट्टी म्हणजे नामपट्टी. कागदावर सही असते तशी ही मालावरची सही होय. एकदा ती नीट तयार झाली की मालाच्या फोटोवर, बिलावर, लेबलावर, खोक्यावर आणि मोबाइलवर पाठवायच्या दरपत्रकावर तीच वापरता येते. ही पट्टी संगणकावर आपल्या हाताने कशी करावी, याचा धडा या लेखात देत आहोत.

नमुना म्हणून आपण औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या हिमरू विणकराची पट्टी घेऊ. सूत आणि रेशीम एकत्र विणून हिमरू तयार होतो. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली तेव्हा ही कला इकडे आली, असे परंपरेने सांगितले जाते. कृती मात्र सर्वांना सारखीच आहे. मिरजेचे सतारमेकर, मालेगावचे लूमवाले, अत्तरवाले, चप्पलवाले, बेकरीवाले यांनी आपापल्या धंद्याप्रमाणे फक्त मजकूर आणि चित्र बदलावे.

नावाला रूप देण्याची जुनी रीत

नावाला चित्राचे रूप देणे ही संगणकाने आणलेली गोष्ट नाही. उस्मानी तुर्की सुलतानांची सही ‘तुगरा’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात सुलतानाचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि किताब एकमेकांत गुंफलेले असत. वर तीन उंच उभ्या रेषा आणि डाव्या बाजूला दोन मोठी वळणे ही तिची ठरलेली बांधणी. फर्मानावर ती काढण्यासाठी दरबारात खास अधिकारी नेमलेला असे. सुलेमान (राज्यकाल १५२० ते १५६६) याच्या काळातील तुगरे सोने आणि निळा रंग भरून इतके नाजूक केले आहेत की आज ते जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत. सुलतान बदलला की आतला मजकूर बदले, बांधणी मात्र तीच राही. त्यामुळे फर्मान कोणाचे आहे हे अक्षरे वाचण्याआधीच आकारावरून ध्यानात येई.

आपण यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पट्टीचा आकार आणि मांडणी एकदा ठरली की ती वारंवार बदलू नये. दुसरी गोष्ट अशी की सुलतानाला सगळे ओळखत होते, म्हणून त्याची सही वाचायला अवघड असली तरी चालत असे. आपल्याला गिऱ्हाईक ओळखत नाही. आपली पट्टी एका नजरेत वाचता आलीच पाहिजे. नक्षी कितीही सुंदर असो, ती अक्षरांच्या आड येत असेल तर काढून टाकावी.

१. आधी कागद आणि पेन्सिल

संगणकापुढे बसण्यापूर्वी कागदावर २० सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर उंच अशी चौकट आखा. तिच्यात काय लिहायचे ते ठरवा. तीनच गोष्टी पुरेत: नाव, काम, गाव. ‘एकदा भेट द्या’, ‘रास्त दर’, ‘आमची दुसरी शाखा नाही’ असा मजकूर दुकानाच्या पत्रकावर शोभतो, पट्टीत नाही.

आमच्या नमुन्यात डावीकडे मोठ्या अक्षरांत विणकराचे नाव, त्याखाली लहान अक्षरांत ‘हिमरू शाली व कापड, छत्रपती संभाजीनगर’ आणि उजवीकडे खऱ्या हिमरूची वीण दिसेल. वीण डावीकडे हळूहळू विरत जाऊन गडद रंगात मिसळेल.

एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. पट्टी छापली की तिचे कागद आणि खोकी कुठेही पडतात, पायदळीही येतात. म्हणून पवित्र नावे आणि मजकूर शोभेसाठी तिच्यात घेऊ नये.

२. सॉफ्टवेअर कोणते?

चित्रांच्या कामासाठी ‘फोटोशॉप’ सर्वांना ठाऊक आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९० साली आली. आज ते वर्गणी भरून घ्यावे लागते. त्याची चोरीची प्रत मिळते म्हणून वापरणे बेकायदा तर आहेच, शिवाय अशा प्रतींबरोबर व्हायरसही येतात आणि संगणकातील हिशेबाच्या फाइली धोक्यात येतात. ‘गिंप’ नावाचे सॉफ्टवेअर मात्र पूर्णपणे मोफत आहे आणि धंद्यासाठी वापरायलाही कोणतीच आडकाठी नाही. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली त्याचे काम सुरू केले आणि १९९६ साली ते लोकांसाठी खुले झाले. त्याची ३.० ही आवृत्ती मार्च २०२५ मध्ये निघाली. पुढील कृती याच आवृत्तीप्रमाणे दिली आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि गिंपच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे.

घरी संगणक नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला हा लेख द्यावा. डीटीपीवाल्याकडून काम करून घ्यायचे असले तरी काय मागायचे हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

३. नवी फाइल

‘फाइल’ मेनूतून ‘न्यू’ निवडा. रुंदी १८०० पिक्सेल आणि उंची ४५० पिक्सेल भरा. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ उघडून रेझोल्यूशन दर इंचाला ३०० पिक्सेल ठेवा.

पिक्सेल म्हणजे काय हे विणकराला समजावून सांगण्याची गरज नाही. नक्षा उतरवण्याच्या चौकटीच्या कागदावर जसे एकेक घर रंगवतात, तसेच पडद्यावरचे एकेक घर म्हणजे पिक्सेल. इंचात ३०० घरे असली की छपाई साफ येते. त्या हिशेबाने आपली पट्टी ६ इंच लांब आणि दीड इंच उंच छापता येईल. बिलाच्या माथ्यावर एवढी जागा पुरते.

आता ‘लेयर’ ही एक गोष्ट नीट समजून घ्या. लेयर म्हणजे थर. लाकडी ठशांनी कापड छापणारे कारागीर प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा वापरतात. एक ठसा बदलला तरी बाकीचे तसेच राहतात. गिंपमध्येही रंग, कापड, अक्षरे आणि चौकट हे प्रत्येक वेगळ्या लेयरवर ठेवावे. सगळे एकाच थरावर केले तर पुढे एक अक्षर बदलायला सारी पट्टी नव्याने करावी लागते.

४. पार्श्वभूमी आणि कापड

सर्वांत खालच्या लेयरवर ‘बकेट फिल’ हत्याराने गडद रंग ओता. गडद किरमिजी, गडद निळा किंवा काळपट हिरवा यांतला कोणताही चालेल. रंग आपल्या मालाशी जुळणारा असावा.

कापडाचा फोटो आपल्याच मालाचा घ्यावा. कापड सपाट जागी ताणून पसरावे, मोबाइल त्याच्या बरोबर समांतर धरावा. भर दुपारचे ऊन आणि फ्लॅश टाळावेत. सावलीतल्या स्वच्छ उजेडात रेशमाची चमक खरी येते. फोटोत तीन-चारच बुट्ट्या मोठ्या दिसतील इतक्या जवळून घ्यावा. दुरून घेतलेली बारीक नक्षी पट्टी लहान झाली की नुसती धूळ वाटते.

‘फाइल’ मेनूतील ‘ओपन ॲज लेयर्स’ने हा फोटो आणा. तो मूळच्या आकारात फारच मोठा असतो. ‘लेयर’ मेनूतील ‘स्केल लेयर’ उघडून त्याची रुंदी ११०० पिक्सेल करा. रुंदी-उंचीमधली साखळी जोडलेली असू द्या, म्हणजे नक्षी ताणली जाणार नाही. मग ‘मूव्ह’ हत्याराने तो उजव्या कडेला लावा.

आता कापड डावीकडे विरवायचे आहे. ‘लेयर’ मेनूतील ‘मास्क’मधून ‘ॲड लेयर मास्क्स’ निवडा आणि पांढरा मास्क घ्या. मास्क म्हणजे लेयरवर टाकलेला पडदा. त्यावर जिथे काळा रंग तिथे चित्र झाकते, जिथे पांढरा तिथे दिसते आणि मधल्या राखाडी भागात अर्धवट दिसते. पुढचा रंग काळा आणि मागचा पांढरा ठेवून ‘ग्रेडियंट’ हत्यार घ्या. पट्टीच्या साधारण मध्यापासून उजवीकडे तीन-चतुर्थांशापर्यंत सरळ आडवी रेघ ओढा आणि एंटर दाबा. कापड अंधारातून उजेडात आल्यासारखे दिसेल. मनासारखे झाले नाही तर पुन्हा ओढा. मूळ फोटोला काहीच धक्का लागत नाही, हाच मास्कचा फायदा.

५. अक्षरे: खरे काम येथे आहे

आधी फॉन्ट. आपल्याकडील जुने डीटीपी फॉन्ट युनिकोड नाहीत. त्यांत केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. उर्दूच्या जुन्या इनपेज फाइलींचाही हाच अनुभव येतो. म्हणून युनिकोड फॉन्टच घ्यावा. मराठीसाठी एक टाइप या संस्थेचे ‘बलू’ आणि ‘मुक्ता’ हे फॉन्ट आणि उर्दूसाठी ‘नोटो नास्तालिक उर्दू’ मोफत मिळतात. त्यांचा परवाना खुला असल्याने धंद्याच्या कामातही ते बिनधास्त वापरता येतात. बलू जाड आणि गोलसर आहे, दुरून चांगला दिसतो. मुक्ता साधा आहे, लहान ओळीसाठी उत्तम.

‘टेक्स्ट’ हत्यार घेऊन नाव लिहा. आकार १६० पिक्सेल ठेवा. दुसरी ओळ वेगळ्या लेयरवर ६४ पिक्सेलमध्ये लिहा. नाव मोठे असेल तर आकार कमी करा, पण ते दुसऱ्या ओळीच्या दुपटीहून लहान होऊ देऊ नका. दोन्ही ओळी डाव्या बाजूने एका रेषेत लावा.

पुढील गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे.

(अ) इंग्रजी पाट्यांत अक्षरे लांब लांब ठेवण्याची फॅशन आहे. मराठीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. उर्दूत तर अक्षरे एकमेकांना जोडलेलीच असतात. तेव्हा अक्षरांमधले अंतर वाढवू नये. शब्द लांब दिसावा असे वाटत असेल तर आकार वाढवावा.

(आ) मराठी अक्षराला वर वेलांटी, मात्रा आणि रफार असतो, खाली उकार असतो. दोन ओळी फार जवळ आल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. नस्तालिक तर उजवीकडून डावीकडे तिरपी उतरते, म्हणून तिला उंचीची जागा आणखी लागते. मराठी, उर्दू आणि इंग्रजी तिन्ही एकाच पट्टीत कोंबण्यापेक्षा गरजेप्रमाणे दोन वेगळ्या पट्ट्या कराव्यात. उर्दू लिहिताना टेक्स्टच्या चौकटीवर उजवी कळ दाबून दिशा उजवीकडून डावीकडे ठेवावी.

(इ) शुद्धलेखन दोघांकडून तपासून घ्यावे. ‘हिमरू’ या शब्दातच ‘रू’ दीर्घ आहे. ‘रु’ आणि ‘रू’ यांतला फरक पडद्यावर चटकन दिसत नाही. पण हजार लेबले छापून आल्यावर तो रोज दिसतो.

(ई) फोन नंबर हवा असेल तर तो स्वतंत्र लेयरवर ठेवा. नंबर बदलतो, नाव बदलत नाही.

६. सोनेरी रंग, सावली आणि चौकट

नावाला जरीसारखा सोनेरी रंग द्यायचा असेल तर नावाच्या लेयरवर जाऊन ‘लेयर’ मेनूतील ‘ट्रान्सपरन्सी’मधून ‘अल्फा टू सिलेक्शन’ निवडा. अक्षरांभोवती हलत्या तुटक रेषा दिसतील. आता त्यावर एक नवा पारदर्शक लेयर घ्या. पुढचा रंग फिकट पिवळा आणि मागचा गडद गेरूसारखा ठेवून ग्रेडियंट हत्याराने वरून खाली रेघ ओढा. मग ‘सिलेक्ट’ मेनूतून ‘नन’ निवडा. लक्षात ठेवा, पुढे नावातले अक्षर बदलले तर हा सोनेरी थर पुसून पुन्हा करावा लागतो. म्हणून खालचा मूळ अक्षरांचा लेयर कधीही काढून टाकू नका.

सावलीसाठी मूळ अक्षरांच्या लेयरवर ‘फिल्टर्स’, ‘लाइट अँड शॅडो’, ‘ड्रॉप शॅडो’ असे जा. आडवे आणि उभे अंतर ४ ठेवा, पुसटपणा ६. सुरुवातीला तिथे मोठे आकडे भरलेले असतात. ते तसेच ठेवले तर अक्षरे हवेत तरंगल्यासारखी दिसतात.

चौकटीसाठी नवा पारदर्शक लेयर घ्या. ‘रेक्टँगल सिलेक्ट’ हत्याराच्या खिडकीत जागा १२ आणि १२, आकार १७७६ आणि ४२६ भरा. मग ‘एडिट’ मेनूतील ‘स्ट्रोक सिलेक्शन’ने ४ पिक्सेलची रेघ सोनेरी रंगात काढा. म्हणजे शालीला किनार असते तशी पट्टीला किनार आली.

येथे हात आवरता घ्यावा. गिंपमध्ये शेकडो करामती आहेत: चमक, आग, पाणी, उठाव. नव्या माणसाला त्या सगळ्याच वापराव्याशा वाटतात. एक रंग, एक सावली, एक किनार एवढ्यावर थांबावे. चांगल्या शालीवरही प्रत्येक इंचाला बुट्टा नसतो. मोकळी जागा असते म्हणून बुट्टा उठून दिसतो.

७. फाइल कशी जतन करावी?

पुष्कळ लोकांची मेहनत या एका पायरीवर वाया जाते. ‘फाइल’ मेनूतील ‘सेव्ह’ने जी फाइल तयार होते तिच्या शेवटी एक्ससीएफ असे असते. तिच्यात सगळे लेयर जसेच्या तसे राहतात. ही मूळ फाइल म्हणजे आपला ठसा आहे. ती संगणकावर ठेवा, पेनड्राइव्हवर ठेवा आणि स्वतःला ई-मेल करून ठेवा.

वापरण्यासाठी ‘एक्स्पोर्ट ॲज’ने पीएनजी किंवा जेपीजी फाइल काढा. पीएनजीमध्ये पारदर्शक भाग पारदर्शक राहतो, जेपीजीमध्ये राहत नाही. मोबाइलसाठी लहान पट्टी हवी असेल तर आधी ‘इमेज’ मेनूतून ‘डुप्लिकेट’ करा आणि त्या प्रतीवर ‘स्केल इमेज’ने रुंदी ६०० करा. उंची आपोआप १५० होईल. मूळ फाइलच लहान करून सेव्ह केली तर ती पुन्हा मोठी करताना पुसट होते.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबले जाते आणि त्याचा दर्जा उतरतो. छापखान्याला पाठवताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

८. पट्टीची परीक्षा

पट्टी झाल्यावर तीन परीक्षा घ्याव्यात.

पहिली अंतराची. ६०० पिक्सेलची पट्टी मोबाइलवर उघडून हात लांब करून पाहा. नाव लगेच वाचता येते का? चष्मा लागलेल्या एखाद्या वडीलधाऱ्यांनाही वाचायला सांगा.

दुसरी काळ्या-पांढऱ्याची. बिलबुके पुष्कळदा एकाच रंगात छापतात. पट्टीची प्रत करून ‘कलर्स’ मेनूतील ‘डिसॅच्युरेट’ने तिचा रंग काढा. लाल जमिनीवरची हिरवी अक्षरे रंगात झगझगीत दिसतात, पण रंग काढला की दोन्ही एकच राखाडी होऊन नाव नाहीसे होते. असे झाले तर जमीन आणखी गडद किंवा अक्षरे आणखी फिकट करावीत.

तिसरी आकाराची. ६ इंची पट्टीत आपली दुसरी ओळ सुमारे १५ पॉइंटची छापली जाते. तीच पट्टी २ इंची लेबलावर घेतली तर ती ओळ ५ पॉइंटची होते आणि वाचता येत नाही. लेबलासाठी त्या लेयरचे डोळ्याचे चिन्ह बंद करून फक्त नाव ठेवावे. उलट दुकानाच्या १० फुटी बोर्डासाठी ही फाइल चालणार नाही. १८०० पिक्सेल १० फुटांवर पसरले की इंचाला फक्त १५ येतात आणि अक्षरांच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. बोर्डासाठी हीच मांडणी ‘इंकस्केप’ या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करून घ्यावी. त्यातील रेषा कितीही मोठ्या केल्या तरी फुटत नाहीत.

रंगांबद्दल एक सूचना. पडद्यावरचा झगझगीत हिरवा आणि निळा रंग छापखान्याच्या चार शाईंत तसाच उतरत नाही, मंद होतो. हजार प्रतींची ऑर्डर देण्यापूर्वी एक नमुना छापून हातात घेऊन पाहावा.

९. मालाच्या फोटोवर पट्टी

मालाचा फोटो गिंपमध्ये उघडून त्यावर ‘ओपन ॲज लेयर्स’ने पट्टी आणा, लहान करा आणि तिची ‘ओपॅसिटी’ ६० ते ७० ठेवा. पट्टी मोकळ्या कोपऱ्यात लावली तर पुढचा माणूस तेवढा कोपरा कापून टाकतो. म्हणून ती मालावर थोडी चढवून लावावी, मात्र मुख्य नक्षी झाकू नये.

आजच्या मोबाइलवर पट्टी पुसून टाकण्याची सोयही आहे, हे ध्यानात असू द्या. पट्टी म्हणजे कुलूप नव्हे. ज्याला चोरायचेच आहे त्याला ती अडवणार नाही. पण जे प्रामाणिक लोक नुसते फोटो पुढे पाठवतात, त्यांच्या हातून आपले नाव सगळीकडे पोहोचेल.

घाऊक व्यापाऱ्याशी आधी बोलून घ्यावे. फोटोवर कारागिराचा नंबर असलेला त्याला आवडत नाही. गिऱ्हाईक थेट जाईल अशी त्याला भीती असते आणि ती अगदीच गैर नाही. अशा वेळी नंबर काढावा, पण नाव आणि गाव राहू द्यावे असा ठराव करावा. नंबराचा लेयर वेगळा ठेवायला सांगितले ते याचसाठी.

आणि फोटोत मालाचा रंग खुलवू नये. पट्टी कितीही सजवा, पण शाल आहे तशीच दाखवा. ज्या फोटोवर आपले नाव आहे, तो फोटो खोटा ठरला तर नावही खोटे ठरते.

१०. कायद्याच्या चार गोष्टी

आपण पट्टी दुसऱ्याकडून पैसे देऊन करून घेतली म्हणजे ती आपलीच झाली असे समजू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. म्हणून ‘सर्व हक्क, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी, सर्व देशांसाठी’ असे स्पष्ट लिहून घ्यावे आणि पैसे देतानाच मूळ फाइलही ताब्यात घ्यावी. ती नसेल तर प्रत्येक लहान बदलासाठी त्याच माणसाच्या दारात उभे राहावे लागते. इंटरनेटवरून दुसऱ्याची नक्षी किंवा खुशखत उचलून आपल्या पट्टीत घालणे हा त्या कलावंतावर अन्याय आहे आणि कायद्यानेही गुन्हा ठरू शकतो.

नावाची नोंदणी १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली होते. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघु उद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी २०१७ च्या नियमांत प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये फी ठरवली आहे. नोंदणी १० वर्षे टिकते आणि पुढे वाढवता येते. कापड वर्ग २४ मध्ये, शाली आणि तयार वस्त्रे वर्ग २५ मध्ये, तर वाद्ये वर्ग १५ मध्ये मोडतात. अर्जापूर्वी तेच नाव दुसऱ्या कोणी घेतले आहे का, हे ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येते. वर्तुळातले इंग्रजी ‘आर’ हे चिन्ह नोंदणी झाल्यावरच लावावे. ‘टीएम’ही अक्षरे नोंदणीपूर्वीही लावता येतात.

नुसता ‘हिमरू’ किंवा ‘सतार’ असा शब्द कोणा एकाला स्वतःचा ट्रेडमार्क करता येत नाही, कारण तो मालाचे वर्णन करतो आणि सगळ्या कारागिरांचा आहे. म्हणूनच आपण पट्टीत आपले नाव मोठे आणि हुनराचे नाव लहान ठेवले.

या पट्टीवरून महाराष्ट्रात दुकानाचा बोर्ड करणार असाल तर २०२२ च्या कायदा दुरुस्तीची आठवण ठेवा. बोर्डावर देवनागरी लिपीतले मराठी नाव आधी हवे आणि इतर लिपीतली अक्षरे त्याहून मोठी असता कामा नयेत.

सराव

पहिल्या दिवशी फक्त कागदावर मांडणी करावी आणि कापडाचे पाच-सहा फोटो काढावेत. दुसऱ्या दिवशी पार्श्वभूमी आणि मास्क. तिसऱ्या दिवशी अक्षरे. त्यानंतर दोन दिवस पट्टी तशीच ठेवून मग ताज्या नजरेने पाहावी आणि तिन्ही परीक्षा घ्याव्यात. घाईने एका रात्रीत केलेल्या पट्टीत काहीतरी राहून जातेच.

पट्टी तयार झाली की तिच्या तीन प्रती नेहमी जवळ असू द्या: लेयरसह मूळ फाइल, छपाईची मोठी प्रत आणि मोबाइलची लहान प्रत. यापुढे जो माल आपल्या हातून बाहेर जाईल, त्याच्याबरोबर आपले नाव जाईल. शाल दहा घरे फिरली तरी अकराव्या घरातले गिऱ्हाईक ती कोणी विणली हे वाचू शकेल आणि पुढच्या शालीसाठी तुमचे नाव घेऊन विचारील.